पंचेचाळीसच्या तबकडीवर आशा

अफझलगंजच्या चौकात शांतता अशी नसतेच. एका अंगाला उस्मानिया रुग्णालयाचे घुमट, दुसऱ्या अंगाला राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची दगडी इमारत, मागे बेगम बाजारची घाऊक पेठ आणि समोर मुसी नदीवरचा नया पूल. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना ही जागा दिली, म्हणून हे अफझलगंज. इथं हमाल दखनीत ओरडतो, दुकानदार मारवाडीत हिशेब करतो, गिऱ्हाईक तेलुगूत घासाघीस करतं आणि त्या गर्दीत नांदेड-परभणीकडची मराठी हमखास कानावर पडते. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मोठं दुखणं निघालं की उस्मानिया, खटला उभा राहिला की नदीपलीकडचं हायकोर्ट आणि परतीची गाडी शेजारच्या गौलीगुड्यातून, अशी तिकडच्या माणसांची कित्येक वर्षांची वहिवाट होती.

भाषा चार असल्या तरी गाणी मात्र सगळ्यांची एकच होती. निजामाच्या राजवटीतला डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीत गेला, १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं हॉटेलात, दुकानात, घराच्या ओसरीवर दिवसभर वाजू लागलं. नया पूल ओलांडला की छत्ता बाजार लागतो. तिथलं मेहबूब रेडिओ सर्व्हिस हे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारं दुकान शौकिनांमध्ये नावाजलेलं आहे. पुढे आखातात कामाला गेलेल्या हैदराबादकरांनी येताना टू-इन-वन आणले. मग रेडिओच्याच खोक्यात कॅसेटही वाजू लागली.

रेडिओ, टू-इन-वन, सिनेमा आणि पडद्यामागे गाणारी बाई. नेमक्या याच सामानातून १९९७ साली इंग्लंडमध्ये एक रॉक गाणं तयार झालं. गाणारा वुल्व्हरहॅम्प्टनचा पंजाबी तरुण आणि गाण्याची नायिका सांगलीत जन्मलेली मराठी गायिका. गाण्याचं नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, बँडचं नाव कॉर्नरशॉप आणि ही आशा म्हणजे आशा भोसले.

ऑगस्ट १९९७ मध्ये हे गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं, तेव्हा ब्रिटनच्या यादीत ते साठाव्या क्रमांकावर पोहोचून थांबलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचं नवं रूप आलं आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं ते एकच आठवडा टिकलं, पण त्या आठवड्याचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. आधीच्या आठवड्यात पहिल्या जागी सेलीन डिऑनचं ‘टायटॅनिक’मधलं गाणं होतं, नंतरच्या आठवड्यात मॅडोनाचं ‘फ्रोझन’ आलं. जगातल्या दोन सर्वांत बलाढ्य गायिकांच्या मधोमध सात दिवस आशा भोसले यांचं नाव विराजमान होतं. या गोष्टीचं अप्रूप महाराष्ट्रात जेवढं व्हायला हवं होतं, तेवढं झालं नाही.

हे गाणं ऑल्टरनेटिव्ह रॉक या नावाच्या मोठ्या कप्प्यात ठेवलं जातं. त्याचा आवाज आणि त्याचा भाव समजून घ्यायचा, तर आधी त्या कप्प्यात आणखी काय होतं ते ऐकायला हवं. ऐंशीच्या दशकातलं लोकप्रिय रॉक चकचकीत झालं होतं. मोठमोठी स्टेडियम, फुगवलेले केस, बोटांची चपळाई दाखवणारं लांबलचक गिटारवादन. छोट्या कंपन्यांकडे आणि कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांकडे मात्र वेगळेच बँड जमत होते. त्यांना चकाकी नको होती, खरखर हवी होती. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या निर्वाणा या बँडचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ आलं आणि हा बाजूचा प्रवाह मुख्य पात्रात शिरला. जानेवारी १९९२ मध्ये निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेच्या यादीतल्या पहिल्या जागेवरून हटवलं.

‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची घडण मराठी कानाला पेटीवर सहज समजावून देता येते. गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, की त्यावर पूर्ण कॉर्ड वाजवून चालत नाही. सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. म्हणून हे वादक बहुतेक वेळा दोनच सूर वाजवतात, षड्ज आणि त्याचा पंचम. तंबोऱ्याच्या तारांमधून आपल्याला जन्मभर ऐकू येणारी हीच जोडी. तिच्यात गंधार नसतो, त्यामुळे ती आनंदी आहे की उदास हे ठरतच नाही. ते ठरवण्याचं काम गाणाऱ्याच्या गळ्यावर येतं. निर्वाणाच्या त्या गाण्यात गिटार ज्या चार मुक्कामांवर फिरते, ते पेटीवर षड्ज, मध्यम, कोमल गंधार आणि कोमल धैवत असे पडतात. हे चारही सूर मालकंसातले. गाणं अर्थातच मालकंस नाही, कारण षड्जाच्या मुक्कामाबरोबर त्याचा पंचम वाजतो आणि मालकंसात पंचमाला प्रवेश नाही. तरीही त्या चालीत जे गडद आणि अंतर्मुख काही जाणवतं, त्याचा उगम त्या कोमल सुरांत आहे. वर कडव्यात दबलेला आवाज आणि ध्रुवपदात एकदम स्फोट, ही त्या दशकाची ठरलेली रचना. इंग्लंडमधल्या रेडिओहेडच्या ‘क्रीप’मध्येही तेच आहे: हळू, हळू आणि मग गिटारचे दोन-तीन कोरडे फटकारे.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या साऱ्याच्या उलट वाटेने जातं.

इथं स्फोट नाही. तीनच कॉर्ड आहेत, षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्या पायावर उभ्या असलेल्या, आणि त्या गाणंभर आलटून पालटून येत राहतात. प्रत्येक कॉर्डमध्ये गंधार आपल्या जागी, शुद्ध आणि उघडा. गिटारचा आवाज थोडा खरखरीत आहे, पण फाडलेला नाही. खंजिरीचा ठेका साधा. चाल रुंद नाही. मोजक्या सुरांत ती फिरते. तजिंदर सिंग गातो तेही अर्धवट बोलल्यासारखं, घाई न करता, शब्द ओठांवर रेंगाळत ठेवून. पुढे मागून तंतुवाद्यं येतात आणि गाणं न वाढता भरत जातं. साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडने दोन-तीन कॉर्ड धरून बसण्याची जी रीत घालून दिली, तिचं हे वळण आहे. पण त्यांच्या गाण्यांतला काळोख इथं नाही. दुपारच्या वेळी तबकड्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसलेल्या माणसाची स्वस्थता आहे. नव्वदच्या दशकातल्या रॉकमध्ये राग, तिरस्कार, एकटेपणा यांची रेलचेल होती. कुणाविषयी निखळ जिव्हाळा असलेली गाणी फार कमी. हे त्यांतलं एक, आणि म्हणूनच ते आजही ताजं वाटतं.

ही स्वस्थता मात्र सहजासहजी आलेली नव्हती. तजिंदर सिंगचा जन्म १९६८ मधला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका मतदारसंघातून त्या वेळी इनॉक पॉवेल ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला त्यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, ज्यात रक्ताने भरून वाहणाऱ्या नदीची भाषा होती. त्या हवेत पंजाबी मुलं वाढली. कॉर्नरशॉप हा बँड १९९१ च्या सुमारास लेस्टरमध्ये उभा राहिला. तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, मित्र बेन एअर्स आणि ड्रम सांभाळणारा डेव्हिड चेंबर्स असे सुरुवातीचे गडी. ब्रिटनमधला आशियाई माणूस म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, हा तिथला ठरलेला समज. बँडने तोच शब्द उचलून स्वतःच्या माथ्यावर लावला.

१९९२ साली मॉरिसी या प्रख्यात गायकाने मंचावर ब्रिटिश झेंडा पांघरून राष्ट्रवादी प्रतिमांशी जवळीक केली, तेव्हा या मुलांनी त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कचेरीबाहेर त्याची पोस्टरं जाळली. पुढच्या वर्षीची त्यांची पहिली तबकडी रश्श्याच्या पिवळट तांबूस रंगाची होती. हिणवण्यासाठी वापरला जाणारा प्रत्येक शब्द, प्रत्येक रंग ते आपलासा करून परत देत होते. वाजवणं अजून ओबडधोबड होतं; गिटारचा गोंगाट आणि त्यात मध्येच सतार, ढोलकी. १९९५ च्या दुसऱ्या अल्बमपासून सूर सापडू लागला. अमेरिकेत त्यांना संगीतकार डेव्हिड बर्न यांच्या लुआका बॉप या कंपनीने हात दिला. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ हा तिसरा अल्बम आला. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ त्यातलंच.

या अल्बमच्या शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ आहे, आणि ते पंजाबीत आहे. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली आणि पाश्चात्त्य रॉकमध्ये सतारीचं युग सुरू झालं. तेव्हापासून इंग्रजी रॉकच्या मनात भारत म्हणजे सतार, ध्यान, गुरू आणि उदबत्तीचा धूर. नव्वदच्या दशकातही ते चित्र फारसं पुसलं गेलं नव्हतं. कुला शेकर या इंग्लिश बँडचं ‘गोविंदा’ १९९६ साली गाजलं. त्याचे शब्द संस्कृत. गाणं वाईट नाही, गाणाऱ्याची श्रद्धाही खरी वाटते. पण त्यातला भारत देवळातला आहे, लांबून हात जोडून पाहिलेला.

कॉर्नरशॉपचा भारत स्वयंपाकघरातल्या रेडिओतला आहे. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’चं सगळं बळ या फरकात आहे. गाण्यात कुठेही अध्यात्म नाही, कुठेही गूढ पूर्व नाही. आहे ती नावांची यादी. आशा भोसले, लता मंगेशकर, मोहम्मद रफी. त्यांच्याच ओळीत फ्रान्सचा जॅक ड्युट्रॉन, इंग्लंडच्या मार्क बोलनच्या गाण्यांचा संग्रह, जमैकन संगीत छापणारी ट्रोजन कंपनी. आणि माणसांच्या बरोबरीने यंत्रं: ट्रान्झिस्टर रेडिओ, फर्ग्युसन या ब्रिटिश कंपनीचा एकाच कर्ण्याचा रेकॉर्ड प्लेअर, टू-इन-वन आणि चक्क ऑल इंडिया रेडिओ. प्रत्येक नावानंतर एक आकडा येतो, पंचेचाळीस.

हा आकडा तबकडीच्या फेऱ्यांचा. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९४९ साली सात इंचांची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणारी तबकडी काढली आणि एका गाण्याची तबकडी, म्हणजे सिंगल, घराघरांत पोहोचली. आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जड तबकड्या बराच काळ टिकल्या. त्यानंतर एचएमव्हीच्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या ईपी आल्या. एका सिनेमाची चार गाणी, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला, आणि वेष्टनावर नायक-नायिकेचं रंगीत चित्र. कोलकात्याजवळच्या दम दमच्या कारखान्यात छापलेल्या या तबकड्या हैदराबादेत आल्या, तशाच बोटीने आणि विमानाने लेस्टर-बर्मिंगहॅमलाही गेल्या. तिथल्या आशियाई वस्त्यांमधल्या दुकानांत मसाल्यांच्या पुड्यांशेजारी त्या विकायला असत. बीबीसीवर १९६८ पासून ‘नई जिंदगी नया जीवन’ हा हिंदी-उर्दू कार्यक्रम लागे. आठवड्यातून एकदा गाणं आणि गप्पा आपल्या भाषेत. १९७४ साली लता मंगेशकर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. कारखान्यातली पाळी, थंडी आणि रस्त्यावरचे टोमणे यांच्या पलीकडे ही गाणी घर राखून होती. गाण्याच्या पालुपदात सिनेसंगीताला कुशीची ऊब दिली आहे. डोकं टेकायला जागा हवी असलेल्या लोकांचं ते गाणं आहे, एवढं समजलं की त्याचा भाव पूर्ण उलगडतो.

पार्श्वगायन ही रीत ब्रिटिश श्रोत्याला ठाऊक नव्हती. तिथं ज्याचा चेहरा त्याचाच आवाज. आपल्याकडे पडद्यावर हेलन नाचते आणि आवाज आशाताईंचा असतो. प्रेक्षकाला दोन्ही माहीत असतं आणि दोन्ही त्याला खरं वाटतं. गाण्याची सुरुवातच या पडद्यामागच्या बाईपासून होते. तजिंदर सिंगने जगातल्या लाखो श्रोत्यांना ही रीत एका कडव्यात समजावून दिली.

मग लताच का नाही, आशाच का? गाण्यात लताबाईंचं नाव आहेच, पण मान आशाताईंचा आहे, आणि ही निवड अचूक म्हणायला हवी. ८ सप्टेंबर १९३३ ला सांगलीत मास्टर दीनानाथांच्या घरी जन्म, १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकरांकडे पहिलं गाणं. त्यानंतरची कित्येक वर्षं त्यांच्या वाट्याला आली ती दुसऱ्यांनी नाकारलेली, दुय्यम नायिकांची, खलनायिकांची गाणी. १९५७ च्या ‘नया दौर’ने दिवस पालटले. ओ. पी. नय्यर यांच्याकडे ठसका आला, राहुलदेव बर्मन यांच्याकडे आवाजाने नवे कपडे घातले. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. पुढे गझलगायक म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. ते गाणं आज ऐकलं, तर ती गिटार कुठल्याही ऑल्टरनेटिव्ह बँडला शोभेल अशी आहे. रॉकच्या मंडळींनी आशाताईंकडे जाण्याआधी पंचवीस वर्षं आशाताई रॉककडे जाऊन आल्या होत्या. काळोखात शिरणारा, हसणारा, श्वास ऐकू येऊ देणारा तो आवाज बंडखोर तरुणांना जवळचा वाटला, यात नवल नाही.

आणि एक विलक्षण गोष्ट. या गाण्यात आशाताईंचा आवाज कुठेही नाही. नव्वदच्या दशकात जुन्या तबकडीवरचा तुकडा उचलून नव्या गाण्यात डकवणं सर्रास चालत होतं. कॉर्नरशॉपलाही ती कला येत होती. इथं त्यांनी ती वापरली नाही. २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने ‘डॉन’मधल्या आणि ‘अपराध’मधल्या आशाताईंच्या गाण्यांचे तुकडे घेऊन एक गाणं केलं; त्याला ग्रॅमी मिळालं. तिथं आवाज होता, नाव नव्हतं. कॉर्नरशॉपने नाव घेतलं आणि आवाज श्रोत्यांच्या स्मरणावर सोडला. ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यांना शोधत जाणं भाग पडलं. दोन्हींत अधिक आदर कशात आहे हे सांगायला नको.

यादीच्या जोडीला गाण्यात एक राजकीय चिमटाही आहे. सरकारी सूचना, साध्या राहणीचा उपदेश आणि बांधली जाणारी धरणं यांची फिकीर नाही, असा त्या कडव्याचा रोख. १९९७ साली नर्मदेवरच्या धरणाचा लढा जगभर माहीत झाला होता, त्यामुळे हा उल्लेख हवेतला नव्हता. अफझलगंजला मात्र धरण या गोष्टीची वेगळी आठवण आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला, इथलं जुनं रुग्णालय आणि काठावरची वस्ती वाहून गेली. रुग्णालयाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड अजून दाखवलं जातं. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मान सागर आणि हिमायत सागर बांधले गेले. धरण कोणासाठी, कोणाच्या बळावर, हा प्रश्न मुसीकाठी आणि नर्मदाकाठी एकाच उत्तराचा नाही. गाणं तो प्रश्न सोडवत नाही; सिनेमाच्या थिएटरात बसलेल्या माणसाच्या बाजूने तो उच्चारतं आणि पुढे जातं. नाचण्याजोग्या गाण्यात एवढं पुरे.

आता त्या दुसऱ्या रूपाविषयी. मूळ गाण्याला जाणकारांनी लगेच ओळखलं होतं. बीबीसीचे जॉन पील हे नव्या संगीताचे मोठे पारखी. त्यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरीला निवडलेल्या गाण्यांच्या यादीत १९९७ साली ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ पहिलं आलं. पण बाजार हलला तो नॉर्मन कुक यांच्यामुळे. फॅटबॉय स्लिम या नावाने ते पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांनी गाण्याची गती वाढवली, त्याबरोबर पट्टीही चढली, खाली जाड ड्रमचा ठेका घातला आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा समोर आणलं. रेंगाळणारं गाणं उड्या मारू लागलं. लग्नाच्या मांडवापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत ते चालेल असं झालं, आणि चाललंही.

रीमिक्स चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. त्याच्याशिवाय आशाताईंचं नाव त्या यादीच्या शिखरावर गेलंच नसतं. पण गती वाढली तशी एक गोष्ट हरवली. मूळ गाण्यात प्रत्येक नावानंतर क्षणभर मोकळी जागा आहे. तेवढ्या वेळात रफी म्हणताच रफींचा आवाज मनात उमटतो, ऑल इंडिया रेडिओ म्हणताच त्याची सकाळची धून आठवते. रीमिक्समध्ये नावं भराभर निघून जातात. गाण्याचा आत्मा त्या मोकळ्या जागेत आहे, आणि पाच मिनिटांहून लांब असलेलं अल्बममधलं रूपच त्याचं खरं रूप आहे.

त्याच सुमारास भारतातही आशाताईंचं नवं पर्व चालू होतं. १९९५ मध्ये ए. आर. रहमान यांच्या ‘रंगीला’त त्या ऊर्मिला मातोंडकरसाठी गायल्या तेव्हा बासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. १९९७ मध्ये लेस्ली लुईस यांच्यासोबतचं ‘जानम समझा करो’ आलं. एमटीव्ही आणि चॅनल व्ही पाहत मोठी झालेली पिढी, हैदराबादेतही आणि पुण्यातही, त्यांना आजीच्या वयाची गायिका म्हणून नव्हे, पडद्यावरची पॉपस्टार म्हणून ओळखत होती. इंग्लंडमधलं गाणं आणि इथलं हे पर्व यांची एकमेकांशी ठरवून गाठ घातलेली नव्हती. एका गायिकेच्या आयुष्यात दोन खंडांवर एकाच वेळी तरुण होण्याचा योग आला, एवढं खरं.

पुढे वाटा आणखी रुंदावल्या. २००२ मध्ये आर.ई.एम. या ऑल्टरनेटिव्ह रॉकच्या अग्रणी बँडचे गायक मायकल स्टाइप यांच्याबरोबर आशाताईंचं गाणं आलं. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला आणि त्यासाठी आशाताई वयाच्या सत्तरीनंतर तीच गाणी पुन्हा गायल्या. २०११ मध्ये सर्वाधिक ध्वनिमुद्रणांसाठी गिनीज बुकात नोंद झाली. कॉर्नरशॉपला त्या उंचीचं यश परत मिळालं नाही, आणि त्यांनी त्याचा पाठलागही केला नाही. २०११ मध्ये त्यांनी बबली कौर या गायिकेसह अख्खा पंजाबी अल्बम केला. ‘इंग्लंड इज अ गार्डन’ हा त्यांचा २०२० चा अल्बम समीक्षकांनी उचलून धरला.

ज्यांना हे गाणं पहिल्यांदा ऐकायचं आहे, त्यांनी क्रम थोडा जपावा. आधी ‘दम मारो दम’, गिटारकडे कान लावून. मग कॉर्नरशॉपचं अल्बममधलं लांब रूप. पेटी जवळ असेल, तर षड्ज, मध्यम, पंचमाच्या कॉर्ड धरून त्यासोबत वाजवावं, फार सराव लागत नाही. त्यानंतर नॉर्मन कुक यांचं रूप, आवाज मोठा करून. आणि शेवटी क्रोनोस क्वार्टेटच्या अल्बममधलं ‘चुरा लिया है तुमने’. १९७३ च्या मूळ गाण्यातली गिटार त्यात तंतुवाद्यांच्या चौकडीने उचलली आहे, आणि आशाताई ते गाणं बत्तीस वर्षांनी त्याच खोडकरपणाने म्हणतात.